काँक्रीटवरची माती

शार्लटहून ब्रिस्टलला जायला सोपे रस्ते आहेत. आम्ही मात्र बून गावावरून डोंगर चढणारा ४२१ नंबरचा रस्ता धरला. एप्रिल २०२२ मधला ईस्टरचा शनिवार होता. खाली हिकरीच्या आसपास झाडं जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरली होती आणि वर बूनला पोचलो तर फांद्या अजून उघड्याच. शेडी व्हॅलीच्या अलीकडे-पलीकडे हा रस्ता असा काही वळतो, की मोटारसायकलवाल्यांनी त्याचं नावच ‘द स्नेक’ ठेवलंय. आंबा घाटाची सवय असलेल्या मलाही दोनदा थांबावं लागलं, मागे बसलेल्या लेकीसाठी. डब्यात थालीपिठं होती, ती होल्स्टन तलावाच्या काठी बसून खाल्ली.

ब्रिस्टल हे गाव दोन राज्यांत आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या, स्टेट स्ट्रीटच्या, मधोमध पितळी खुणा ठोकल्यात. एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. लेकीने एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. १९२७ साली इथेच कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली आणि तिथून अमेरिकेतल्या कंट्री संगीताची घोडदौड सुरू झाली. त्याचं एक सुंदर संग्रहालय गावात आहे, पण त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आम्ही आलो होतो ते गावाबाहेरच्या त्या अवाढव्य वाडग्यासाठी.

ब्रिस्टल मोटर स्पीडवे पहिल्यांदा दिसतो तेव्हा इथे मोटारींची शर्यत होत असेल असं वाटतच नाही. मैदान आतून जेमतेम अर्ध्या मैलाच्या फेरीचं आणि भोवती आभाळापर्यंत चढत गेलेल्या खुर्च्या. २०१६ साली इथे कॉलेजचा फुटबॉल सामना झाला तेव्हा १ लाख ५६ हजार ९९० माणसं बसली होती. मला पहिल्या नजरेतच कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान आठवलं. तसंच गोल, तसंच मध्यभागाकडे उतरत गेलेलं आणि कुठेही बसा, झुंज आपल्या मांडीवर चालल्यासारखी दिसणार. बाबांनी मला सातव्या वर्षी तिथे नेलं होतं.

त्या दिवशी मात्र आठवण येण्याचं आणखी एक कारण होतं. मैदानात माती होती. खरोखरची, ओली, तांबूस चिकणमाती.

ब्रिस्टल हे काँक्रीटचं मैदान आहे. १९६१ साली सुरू झालं तेव्हा डांबरी होतं. पुढे वळणांचा उतार वाढवून ती उभी केली, मग त्या उभ्या वळणांवर गाड्यांच्या जोराने डांबर उखडायला लागलं, म्हणून १९९२ साली काँक्रीट ओतलं. इथल्या शर्यतीची ख्याती त्या काँक्रीटवरची. ५०० फेऱ्या, जागा नाही, पुढच्याला हलकेच ढकलल्याशिवाय वाट मिळत नाही, मग राग, मग हेल्मेट फेकून मारणं. १९८२ पासून ओळीने ५५ शर्यतींची तिकिटं संपली. ती माळ २०१० साली तुटली. मधे २००७ साली नवीन काँक्रीट करताना वळणांचा उतार बदलला होता. गाड्यांना शेजारून जायला जागा झाली आणि ढकलाढकली कमी झाली. चालकांना ते आवडलं, शौकिनांना नाही. २०१२ साली मालक ब्रूटन स्मिथ यांनी ती जागा पुन्हा कमी व्हावी म्हणून वळणांचा वरचा पट्टा घासून घेतला, तरी वसंतातल्या शर्यतीच्या खुर्च्या रिकाम्याच राहू लागल्या.

तेव्हा मग २०२१ साली त्यांनी काँक्रीटवर आधी लाकडाचा भुसा अंथरला आणि त्यावर सुमारे २३ हजार घनयार्ड माती टाकली. नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कारच्या, म्हणजे रोजच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यती भरवणारी संस्था. तिच्या मुख्य मालिकेची मातीवरची शर्यत त्याआधी झाली होती ती १९७० साली, रॅलेच्या जत्रेच्या मैदानात, आणि ती जिंकली होती रिचर्ड पेटी यांनी. पन्नास वर्षांनी गाड्या परत मातीत उतरल्या आणि शौकिनांत सरळ दोन तट पडले.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा वाद नवा नाही. माती की गादी, यावर मी तालमीच्या कट्ट्यावर रात्री उजाडलेल्या पाहिल्यात. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन गट असतात. हौद्यातल्या, म्हणजे आखाड्यातल्या, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची आणि तिचा ओलावा राखायचा, ही रोजची सेवा. माती कोरडी पडली की पकड सुटते, फार ओली झाली की पाय रुततो. बाबा पक्के मातीवाले. गादीवरच्या कुस्तीला ते कुस्ती म्हणायचे, पण थोडं थांबून. मीही त्यांचाच मुलगा. त्यामुळे ब्रिस्टलला जाताना माझं मत घरूनच ठरलेलं होतं: मातीच बरोबर.

स्पीडवेच्या समोरच्या टेकडीवर तंबू आणि चाकांवरची घरं यांची एक वस्तीच असते. आमच्या शेजारी एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांची विशीतली नात. आजोबा काँक्रीटवाले, नात मातीवाली. दोघं एकाच गाडीतून येतात, एकाच चुलीवर मांस भाजतात आणि दिवसभर भांडतात. आम्ही उरलेली थालीपिठं आणि ठेचा त्यांच्याकडे नेला. आजोबांनी ठेच्याला हात लावला नाही, नातीने सगळा संपवला आणि वादात आम्हालाही ओढलं.

नातीचं म्हणणं ठाम होतं. नॅसकारची पहिली शर्यत १९४९ साली शार्लटला झाली ती मातीवर. हिकरीचं मैदान, ज्याच्या जवळून आम्ही सकाळी आलो, तेही एके काळी मातीचंच. या डोंगरांतली पोरं माती तुडवतच गाडी शिकली. मग मूळ ठिकाणी परत जाण्यात वाईट काय? आणि मातीत गाडी आडवी घसरत वळते तेव्हा चालकाच्या हातात किती कसब आहे ते आंधळ्यालाही दिसतं. मी मान डोलावत होतो.

आजोबांचा मुद्दा मात्र मला अपेक्षित नव्हता. मातीवर त्यांचा राग नव्हताच. ते दर उन्हाळ्यात इथून तासाभरावरच्या बुल्स गॅपला व्हॉलंटिअर स्पीडवेवर जातात, ते चिकणमातीचंच मैदान आहे. त्यांना खुपत होतं ते एवढंच, की ही माती इथली नाही. खाली काँक्रीट आहे हे गाडीलाही कळतं, असं ते म्हणाले. बुल्स गॅपची जमीन वर्षानुवर्षं पाणी प्यायलेली आहे, ही ट्रकमधून उतरलेली. शिवाय गाडी चुकीची. मातीवर धावणारी स्प्रिंट कार वजनाला साधारण १४०० पौंड. ही ३४०० पौंडांची. मातीवरच्या गाड्यांना पुढे काच नसते, जाळी असते. यांना काच, म्हणजे पुढच्या गाडीने उडवलेला सगळा चिखल डोळ्यांसमोर. वर्षातून दोनदा ब्रिस्टल बघायला मिळायचं, त्यातलं एक काढून घेतलं, हे त्यांचं खरं दुःख होतं. आणि तेही ईस्टरच्या दिवशी, ज्या दिवशी त्यांच्या घरात सगळे एकत्र जेवतात.

मी त्यांना २०२१ ची आठवण दिली. पावसाने ती शर्यत सोमवारवर गेली होती, मग दुपारच्या उन्हात माती वाळून एवढी धूळ उडाली, की पुढे गाड्यांना दोन रांगांऐवजी एकाच रांगेतून सुरुवात द्यावी लागली. मातीतच मुरलेले काइल लार्सन आणि क्रिस्टोफर बेल पहिल्या ५३ फेऱ्यांतच एका अपघातात सापडले आणि जिंकला जोई लोगानो, ज्याला कुणी मातीचा गडी म्हणत नाही. हा माझ्या बाजूचा मुद्दा की त्यांच्या, हे बोलून झाल्यावर मलाच कळेना. नात म्हणाली, धुळीसाठीच तर या वेळी शर्यत रात्री ठेवलीय.

रविवारी संध्याकाळी आम्ही आत गेलो. पाण्याचे टँकर मैदानात फिरत होते आणि त्यांच्या मागून अवजड गाड्या माती दाबत होत्या. वास आला. वळिवाचा पहिला पाऊस रानात पडल्यावर येतो तो, पण त्यात पेट्रोल आणि रबर मिसळलेलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बाबा हवे होते आज.” लेकीच्या कानांवर मोठी कर्णकवचं होती. गाड्या सुरू झाल्यावर मात्र आवाज कानांनी ऐकावाच लागत नाही, तो छातीतून येतो.

त्या शर्यतीचं मी काय सांगू! मातीमुळे वळणांचा उतार वीस अंशांच्या आत आला होता, काँक्रीटवर तो २४ ते २८ असतो. २५० फेऱ्या. सर्वांत जास्त फेऱ्या पुढे राहिलेला टायलर रेडिक असा गाडी घसरवत होता की पखवाजावर बोल वाजवतोय असं वाटावं. मधेच पाऊस आला, गाड्या थांबवल्या. आम्ही एकाच ताडपत्रीखाली चौघं-पाच जण, त्यात एक अनोळखी मुलगा. पाऊस थांबला, पुन्हा टँकर नाहीत पण पुन्हा दाबणं, पुन्हा वाट बघणं. या वाट बघण्याचा कुणी त्रागा केला नाही. हौद्यात पाणी शिंपडून झाल्यावर पैलवान जसे कडेला बसून राहतात तसे सगळे बसून होते.

शेवटच्या फेरीत रेडिकच्या मागे चेस ब्रिस्को होता. शेवटच्या वळणावर ब्रिस्कोने आतून उडी घेतली, गाडी मातीवर धरली नाही, सरकत जाऊन रेडिकला लागली, आणि दोघंही गरकन फिरले. मागून काइल बुश आला आणि दोघांना सोडून निघून गेला. त्याने अख्ख्या शर्यतीत आघाडी घेतली ती तेवढ्या एका फेरीची. रेडिकने तरीही गाडी वळवून दुसरा नंबर राखला. लोक उभे होते, किंचाळत होते आणि बुश बोलायला लागला तेव्हा त्याची हुर्यो उडवत होते. तिकडे ब्रिस्को चालत रेडिककडे गेला. काय बोलले ते आम्हाला कुठून ऐकू येणार, पण रेडिकने त्याच्यावर आवाज चढवला नाही, एवढं टांगलेल्या मोठ्या पडद्यावर दिसलं. पडलेल्याला हात देऊन उठवणं मी खासबागेत लहानपणापासून बघितलंय. ते इथे, सात समुद्रांपलीकडे, चिखलाने माखलेल्या दोन पोरांमध्ये बघून माझा घसा दाटून आला.

म्हणजे माती जिंकली, असं मी त्या रात्री ठरवलं. टेकडी चढून तंबूकडे जाताना आजोबांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, शेवटची फेरी छानच होती, पण त्याआधीच्या दोनशे फेऱ्यांत तू किती गाड्या एकमेकींना ओलांडताना पाहिल्यास ते मोज. मी रात्रभर मोजत राहिलो. आणि खरं सांगायचं तर आकडा मोठा नव्हता. माती कडेला ढिगाने जमायची, मधे एकच चकचकीत वाट राहायची, आणि सगळे त्याच वाटेने.

२०२३ साली पुन्हा ईस्टरला माती पडली, त्या वर्षी ओक्लाहोमाचा क्रिस्टोफर बेल जिंकला, लहानपणापासून मातीतच वाढलेला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, की पुढच्या वसंतात शर्यत काँक्रीटवर. नातीचा संदेश आला, नुसता रडका चेहरा. आम्ही पुन्हा तिकिटं काढली.

१७ मार्च २०२४, भर दिवसा. राखाडी काँक्रीट, उभी वळणं, आणि ब्रिस्टल पुन्हा ब्रिस्टलसारखं, उतारासकट. पण त्या दिवशी काँक्रीटनेच सगळ्यांना चकवलं. रबर जमिनीवर बसेना. टायर पन्नास फेऱ्यांच्या आतच झिजून आतले धागे दिसायला लागले, कडेला रबराच्या गोळ्या-गुंडाळ्यांचे ढीग, वरच्या खुर्च्यांपर्यंत तुकडे उडत होते. टायरचा एक जादा संच द्यायची वेळ आली. जो पाय जपून टाकेल तो पुढे. आघाडी ५४ वेळा बदलली, छोट्या मैदानांवरचा हा विक्रम, आणि शेवटी डेनी हॅमलिन जिंकला. काहींना ती ब्रिस्टलची सर्वांत सुंदर शर्यत वाटली, काहींना टायर जपत चालवणं ही शर्यतच वाटली नाही. म्हणजे वाद संपला नाहीच, पायाखालचा पृष्ठभाग तेवढा बदलला.

आता माझं मत विचाराल तर ते बदललंय, आणि मी ते बाबांनाही सांगितलंय. स्टॉक कार मातीवर धावायला हवी, वर्षातून एकदा तरी. पण ती जिथे माती मुळातच आहे तिथे जाऊन. ओहायोतल्या एल्डोराला नॅसकारचे शर्यतीचे पिकअप ट्रक २०१३ ते २०१९ धावले, ते नामांकित चालक टोनी स्टुअर्टच्या मालकीचं, खऱ्या चिकणमातीचं मैदान. मुख्य मालिका तिथे न्यावी, खुर्च्या कमी असल्या तरी. ब्रिस्टलला माती आणून टाकणं म्हणजे खासबागेत गादी अंथरण्यासारखंच, फक्त उलट. बाबांनी फोनवर हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या मातीत ताक घालतात का?” मी म्हणालो, नुसतं पाणी. “मग टिकायची कशी?” असं ते म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं हौद्याची माती कशी मळावी हे मला समजावत राहिले.

यंदा उन्हाळ्यात आजोबा आणि नात बुल्स गॅपला जाणार आहेत. आम्हालाही बोलावलंय. ठेचा जास्त आणा, असा नातीचा निरोप आहे.