ट्रॉल्या बसल्या, विळीला जागा ठेवून

नव्या स्वयंपाकघराचं पहिलं ड्रॉइंग शोरूमकडून मोबाइलवर आलं तेव्हा मी ते आईंना दाखवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडून तिकडे सरकवून नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आणि मी बसू कुठं?"

चित्र देखणं होतं यात वाद नाही. दोन्ही भिंतींना ओटा, पांढरी चकचकीत कपाटं, ओट्यावर काचेच्या वाडग्यात तीन हिरवी सफरचंदं. (ही सफरचंदं प्रत्येक ड्रॉइंगमध्ये का असतात देव जाणे. आमच्या ओट्यावर सकाळी दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीच्या काड्या असतात.) पण आई भाजी चिरतात त्या खाली बसून, विळीवर. निफाडकडचं माहेर, लहानपणापासूनची सवय. सुरी जमत नाही असं नाही, आवडत नाही. आमचं स्वयंपाकघर दहा बाय आठ. समोरासमोर दोन फुटांचे दोन ओटे केले तर मधे उरते चार फुटांची गल्ली, आणि ओट्याखालची सरकती ट्रॉली पूर्ण ओढली की त्यातलेही पावणेदोन फूट गेले. तिथं पाट टाकून बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून ट्रॉली उघडावी लागली असती.

मॉड्युलर किचनच्या शोरूममधली मुलगी हुशार होती, मला काकू आणि आईंना आजी म्हणायची. म्हणाली, "आजी, आता खाली कोण बसतं?" आई काही बोलल्या नाहीत. पण परतताना रिक्षात म्हणाल्या, "तिच्या घरी पापड कोण लाटतं विचारायला हवं होतं."

तिथून माझं डोकं जागेवर आलं. तोवर मी रंग निवडत होते!

नाशिकच्या इंदिरानगरातला आमचा फ्लॅट २००३चा. जुना ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, खाली कडप्प्याचे कप्पे आणि जाळीच्या ट्रॉल्या. त्यातली एक ट्रॉली ओढताना खालून गुडघ्याने उचलून धरावी लागायची, आणि हे घरातल्या सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की पाहुणे आले की आम्ही त्यांनाही शिकवायचो. बदलायचं तर होतंच. पण काय बदलायचं हे ठरवण्याआधी मी आठ दिवस एक वही ओट्यावर ठेवली. कोण काय करायला आत आलं, काय काढलं, कुठे अडलं. नवरा हसला, पण नोंदी त्यानेही केल्या.

वहीतून बाहेर आलं ते साधंच होतं. दिवसातून सहा वेळा चहा होतो. साखर एका टोकाला, गाळणं दुसऱ्या टोकाला, कप तिसऱ्याच कपाटात. सकाळी साडेसात ते आठ तिघं आत असतो: मी पोळ्यांना, आई भाजीला, नवरा डबे भरायला. शोरूममध्ये मला 'वर्क ट्रँगल' समजावला होता, म्हणजे शेगडी, सिंक आणि फ्रीज यांचा त्रिकोण, फार लांबही नको आणि फार जवळही नको. हा विचार १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पुढे आला. वाईट नाही. पण त्यात स्वयंपाक करणारी बाई एकटी धरलेली आहे. आमच्याकडे त्रिकोणाच्या मधोमध आई बसलेल्या असतात.

म्हणून ओटा एल आकाराचाच ठेवला आणि मधली सहा बाय आठची फरशी मोकळी सोडली.

मग उंचीचा घोळ. मी पाच फूट चार इंच, आई चार फूट दहा. ओट्याची उंची कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी म्हणतात. आम्ही ते घरीच करून पाहिलं. जेवणाचं टेबल ३० इंच उंच आहे. त्यावर रद्दीचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर पोळपाट, आणि खरोखर कणीक घेऊन लाटायचं. मला बरं वाटेपर्यंत रद्दी चढत चढत ३४ इंचांवर गेली. आईंनी सगळी रद्दी खाली उतरवली आणि म्हणाल्या, "आत्ता बरोबर." चार इंचांचा फरक. मध्य काढला तर दोघींचेही खांदे दुखणार.

शेवटी ओटा ३३ इंच केला, म्हणजे माझ्या बाजूने. शेगडी मात्र ग्रॅनाइटमध्ये बसणारी घेतली, कारण सुटी शेगडी ओट्यावर ठेवली की पाच-सहा इंच आणखी चढतात आणि उंच पातेल्यात काय शिजतंय ते आईंना दिसतच नाही. आणि त्यांच्यासाठी ओट्याखाली २९ इंचांवर एक सरकती फळी काढली, ओढली की स्टुलावर बसून पोळ्या लाटता येतील अशी. या फळीचं पुढे काय झालं ते सांगतेच.

कोटेशनं तीन घेतली आणि तिन्ही एकमेकांशी जुळेनात. एक चौरस फुटावर, एक धावत्या फुटावर (म्हणजे नुसत्या लांबीवर), एक 'पॅकेज'. पहिल्या शोरूमचा आकडा होता १,९२,०००. त्यात चॅनल (ट्रॉली सरकते त्या पट्ट्या), बास्केट, सिंकचं कटिंग, ग्रॅनाइट, काहीही नव्हतं. सगळं धरून तो २,७१,००० झाला. मग मी एका कागदावर स्वतःच यादी केली, कपाटं किती, ट्रॉल्या किती, कोणत्या जाडीचा प्लाय, कोणतं चॅनल, आणि तोच कागद तिघांना दिला. अंबडमध्ये एका वर्कशॉपवाल्याने त्यावर ओळीओळीने दर लिहून दिले, बेरीज २,३८,०००. काम त्याला दिलं.

प्लायच्या बाबतीत मी जरा वेडेपणा केला. तिघांकडूनही नमुन्याचे तुकडे मागून आणले. एकाचा पार्टिकल बोर्ड, एकाचा साधा कमर्शियल प्लाय, एकाचा आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) छापाचा मरीन प्लाय. रात्रभर बादलीत बुडवले. सकाळी पार्टिकल बोर्ड पुरीसारखा फुगला होता, बोट दाबलं की भुसा सुटायचा. मग उरलेले दोन जुन्या पातेल्यात दोन तास उकळले. कमर्शियल प्लायचे पदर कडेने उलगडायला लागले, मरीनचा तुकडा तसाच राहिला. खऱ्या कसोटीत मरीन प्लाय ७२ तास उकळतात, त्यापुढे माझे दोन तास म्हणजे पोरखेळ, पण मला कळायचं ते कळलं. आई म्हणाल्या, "मीठ घातलंस का?"

तरी सिंकखाली मी मरीन प्लायही लावू दिला नाही. तिथले जुने कडप्पे तसेच ठेवून पुढे फक्त दारं बसवली. सिंकखाली कधी ना कधी पाणी झिरपतंच, आणि कडप्प्याला वीस वर्षांत काही झालेलं नव्हतं. वर्कशॉपवाला म्हणाला, "ताई, शोभणार नाही." दार उघडून आत बघायला येतंय कोण?

बास्केट घेताना लोहचुंबक नेला होता. चुंबक चिकटला नाही तर स्टील चांगलं, असं ऐकलेलं. वर्कशॉपवाल्याने हसून दोन बास्केट पुढे ठेवल्या, एक ३०४ ग्रेडची, एक २०२ची. चुंबक दोन्हींना चिकटला नाही. गंजण्यात मात्र दोघींचं जमीन-अस्मान, २०२ लवकर गंजते. तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घेतला, चुंबक पर्समध्ये परत.

वजनाचं कुणी सांगत नाही. भांड्यांच्या ट्रॉलीत जायच्या वस्तू मी एका पोत्यात भरून वजनकाट्यावर ठेवल्या: दोन कुकर, बिडाचा तवा, लोखंडी कढई, पितळी पातेली. २६ किलो भरलं. चॅनल होतं ३० किलोचं. ती एक ट्रॉली ५० किलोच्या चॅनलवर घेतली, बाकीच्या साध्या.

सिलिंडर सध्या ओट्याखाली आहे, पाइप गॅस आमच्या सोसायटीत यायचा आहे. म्हणून त्या कपाटाला जाळी खालीही ठेवली आणि वरही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो वर चढतो. शोरूमच्या ड्रॉइंगमध्ये हे कपाट चहूबाजूंनी बंद होतं. शेगडीही त्यांनी खिडकीखाली दाखवली होती, 'लाइट चांगला येईल' म्हणून. आषाढातला वारा आमच्या त्या खिडकीतून असा घुसतो की मंद आच टिकत नाही. शेगडी ड्राय बाल्कनीच्या (स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीच्या) भिंतीकडे सरकवली, त्यामुळे चिमणीचा सहा इंची पाइपही एका वळणात बाहेर गेला. शोरूमच्या चित्रात त्याला तीन वळणं होती आणि तो फ्रीजवरून जात होता.

तोडफोडीचे दिवस फार सांगत नाही. सोसायटीत आवाजाची वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा, चौथ्या मजल्यावरून राडारोडा गोण्यांतून खाली. १९ दिवस हॉलमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक आणि बाथरूममध्ये भांडी. मिसळ इतकी झाली की मुलगा एकदा म्हणाला, "वरण-भात कर ना गं." घरघंटीचा प्लग मी यादीत विसरले होते, वायरिंग झाल्यावर आठवला. इलेक्ट्रिशियनने ड्राय बाल्कनीची टाइल पुन्हा फोडली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच चहा करून दिला.

आईंची स्टीलची मांडणी हा नाजूक विषय होता. लग्नातली, ताटं-वाट्या-पेले लावायची. नव्या स्वयंपाकघरात तिला भिंत उरली नाही. भंगारात द्यायचं नाव कुणी काढलं नाही, ती ड्राय बाल्कनीत घरघंटीच्या वर लागली. आता तिच्यात ताटं नसतात, वर्षाच्या गव्हातला चाळणीखालचा पसारा असतो, पण ती आहे.

आता विळी. विळी ठेवायची कुठे? उभी ठेवली तर पातं बाहेर, आडवी ठेवली तर ट्रॉली खाते. वर्कशॉपच्या मिस्त्रीनेच तोडगा काढला. ट्रॉल्यांच्या खाली जमिनीलगत जी चार इंचांची पट्टी असते, स्कर्टिंग म्हणतात ती, तिच्यामागची जागा वायाच जाते. तिथे त्याने एक चपटा खण केला. त्यात विळी, पाट आणि मोठा पोळपाट. पायाच्या अंगठ्याने दाबलं की खण बाहेर येतो. सगळ्या स्वयंपाकघरात मला सर्वांत आवडणारी वस्तू तीच.

पण बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली जी ना वहीत होती, ना ड्रॉइंगमध्ये. भाजी चिरून झाली, आईंनी उठण्यासाठी सवयीने हात वर केला आणि समोरचं जे हाताला लागलं ते धरलं. पूर्वी तिथे कडप्प्याची कड असायची. आता ट्रॉली होती. ती अगदी हळू, मखमली चालीने त्यांच्या अंगावर उघडत आली. त्या मागे कलंडल्या. लागलं नाही, मी मागेच होते. पण माझ्या पोटात गोळा आला तो दिवसभर गेला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून दाराशेजारच्या भिंतीत बाथरूमला लावतात तसा स्टीलचा दांडा पक्का बसवून घेतला. खर्च साडेआठशे रुपये. २,३८,००० रुपयांच्या कागदावर ती ओळ नव्हती.

आणि ती सरकती फळी. पोळ्यांना छान चालली. मग एका संध्याकाळी आईंनी तिच्यावर बाजरीची भाकरी थापायला घेतली. पहिल्या थापेला फळी खाली वाकली, दुसरीला परातीतलं पीठ उडालं, तिसरीला आई थांबल्या आणि म्हणाल्या, "ही नाचतेय." लाटताना जोर पुढे जातो, थापताना सरळ खाली, चॅनलला ते झेपेना. मिस्त्रीने फळीला खालून घडीचा पाय लावून दिला. आता भाकऱ्या तिथेच होतात.

एक गोष्ट मात्र मी अडून बसून केली नाही. एलच्या कोपऱ्यात आत खोल जागा राहते. तिथे फिरत बाहेर येणारी कोपऱ्याची ट्रॉली मिळते, १८,००० रुपयांना. मी म्हटलं, कशाला, वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू तिथे सारू. घागर, मोदकपात्र, पुरणयंत्र, सगळं आत गेलं. काम गौरींच्या चार दिवस आधी संपलं, पितृपक्षाच्या आत आवरलं म्हणून आई खूश. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी सहाला डाळ शिजली आणि पुरणयंत्र लागलं. ते कोपऱ्यात सगळ्यात मागे, घागरीच्याही पलीकडे. नऊवारी नेसून मी फरशीवर पालथी पडले, मोबाइलचा टॉर्च दातात धरला, खांद्यापर्यंत हात आत घातला. मागून नवरा चहाचा कप घेऊन आला, वाकून पाहिलं, आणि फार हळू आवाजात म्हणाला, "अठरा हजार."