बोरघाट, सायकलवरून

पनवेलहून अंधारातच निघालो, कारण खोपोलीच्या आधी ऊन वर आलं की घाटात वाट लागते हे सगळेच सायकलवाले सांगतात. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे आपला जुना हायवेच, आणि खरं तर घाट बघायचा तर इथूनच. खोपोलीत वडापाव हाणला. तिथून डोंगराकडे बघितलं की टाटांचे जाडजूड पाइप खाली उतरलेले दिसतात, वरच्या तलावांचं पाणी आणून १९१५ पासून वीज, मुंबईच्या गिरण्या चालायच्या त्यावर. जेवढ्या उंचीवरून ते पाणी खाली येतं तेवढंच आपल्याला पायाने वर जायचंय हा विचार मात्र तेव्हा करू नये.

चढ लागला की गप्पा बंद. सगळ्यात हलका गियर, घाम, आणि बाजूने गुरगुरत जाणारे ट्रक. शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलोच, सगळे थांबतात, ड्रायव्हर तर चालत्या गाडीतून नाणं टाकतात. गोष्ट अशी सांगतात की रेल्वेला घाटातून वाट सापडेना तेव्हा या धनगराने ती दाखवली, बक्षीस काय पाहिजे विचारलं तर म्हणाला आमचा देश सोडा, आणि साहेबाने गोळी घातली. कागदोपत्री मान मिळाला तो गव्हर्नर माल्कमला, १८३० साली गाडीरस्ता त्याने खुला केला म्हणून, रेल्वे नंतर १८६३ ला आली. पण नाणी पडतात ती शिंग्रोबापुढे, माल्कमचं नाव इथे कोणाच्या तोंडी नाही, आणि मला तरी हे बरोबर वाटतं.

देवळापुढचा चढ सगळ्यात वाईट. मित्र उतरून ढकलायला लागला, वर मलाच म्हणतो "अरे व्ह्यू बघतोय". वर अमृतांजन पूल नाही हे डोळ्यांना अजून पटत नाही, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती हे मान्य, तरी १८३० चा पूल होता हो.

खंडाळा आलं आणि पाय सुटले. लोणावळ्यात चिक्कीवाल्यांच्या गर्दीत थांबलोच नाही. इंग्रजांची फौज १७७८ च्या शेवटी याच घाटाने तोफा नि हजारो बैल घेऊन पुण्यावर निघाली होती, मराठ्यांनी पुढे चारा-पाणी जाळून-बुजवून ठेवलं, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना तह करावा लागला. आम्हाला वडगावला मिसळ मिळाली, झणझणीत, वर दोन ताक.