एक जून आणि साडेपाच तास

मंगळवार, ११ जून २०२४

जन्मतारीख एक दिवस मागे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीची ती नोंद आज संध्याकाळी अखेर बंद झाली. आमच्या कामात नोंदी बंद होणे ही रोजचीच गोष्ट आहे. दिवसाला दहा-बारा डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या नोंदी, उघडतात, जवळपास तितकेच मिटतात आणि आठवड्याभरात त्यांचे क्रमांकही आठवत नाहीत. ही मात्र सविस्तर लिहून ठेवावीशी वाटते, कारण या मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर म्हणून सहा वर्षे काढल्यावरही आपण नेमके काय राखत असतो, हे मला इतके स्वच्छ कधी दिसले नव्हते.

गेल्या महिन्याच्या अखेरची गोष्ट. विम्याच्या एका प्रणालीचे भारतासाठी केलेले रूप तपासण्याचे काम आमच्या टीमकडे आहे. नव्या सदस्याची माहिती भरायच्या स्क्रीनवर मी बाबांची जन्मतारीख घातली, १ जून १९५७. त्यामागे काही विचार नव्हता. पटकन आठवणारी तारीख हवी होती, इतकेच. माहिती सेव्ह करून पुढच्या स्क्रीनवर गेले, तर तेथे ३१ मे १९५७ असे लिहिलेले होते. टाइप करताना आपलाच हात चुकला असेल असे वाटून पुन्हा भरले. पुन्हा ३१ मे. मग १५ ऑगस्ट घातली, तर १४ आली. १ जानेवारी २००० घातली, तर वर्षासकट सगळेच मागे सरकले आणि ३१ डिसेंबर १९९९ उमटले.

पायऱ्या क्रमाने लिहिल्या, स्क्रीनशॉट जोडले आणि डिफेक्ट नोंदवला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तो अमेरिकेतील टीमने 'आमच्याकडे व्यवस्थित चालते, चूक पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून नोंद बंद केलेली. शिवाय आमच्या ऑटोमेशनच्या, म्हणजे आपोआप होणाऱ्या, शेकडो टेस्ट रोज रात्री चालतात, त्याही सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आमच्या लीडनेही अगदी सौम्यपणे विचारले की तुझ्या मशीनच्या घड्याळाचा तर काही घोळ नाही ना. त्या प्रश्नाचा मला राग आला नाही, कारण उत्तर त्या प्रश्नातच होते.

घड्याळाचाच घोळ होता, पण तो माझ्या मशीनचा नव्हता. स्क्रीन जन्मतारखेला निव्वळ तारीख मानत नव्हती; ती त्या दिवसाच्या मध्यरात्रीचा क्षण मानत होती. तो क्षण सर्व्हरकडे पाठवताना त्याचे जागतिक प्रमाणवेळेत रूपांतर होई, आणि आपले घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपली १ जूनची मध्यरात्र तेथे ३१ मेची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, अशी ठरे. सर्व्हर त्यातली वेळ टाकून देई आणि तारीख ठेवून घेई. अमेरिकेचे घड्याळ प्रमाणवेळेच्या मागे असते, त्यामुळे तिकडची मध्यरात्र रूपांतरानंतरही त्याच तारखेच्या पहाटेत पडते. त्यांना ही चूक कधी दिसणारच नव्हती. ऑटोमेशनची मशीन तर थेट प्रमाणवेळेवरच लावलेली आहेत, म्हणजे तेथे रूपांतराचा प्रश्नच येत नाही. सगळे आपापल्या जागी खरे बोलत होते. मी नोंद रीओपन केली, संध्याकाळच्या कॉलवर पलीकडच्या डेव्हलपरना त्यांच्या मशीनची वेळ कोलकात्याची (संगणकात भारतीय वेळ याच नावाने असते) लावायला सांगितली आणि तीच तारीख भरायची विनंती केली. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, हो, दिसले.

एवढ्यावर भागले नाही. एका दिवसाचा तर फरक आहे, पुढच्या रिलीजला पाहू, असा सूर निघाला. तेव्हा मी एरवी बोलते त्यापेक्षा बरेच जास्त बोलले. आपल्याकडे बाबांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण घरी नोंद नव्हती आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. तारीख खरी असो वा नसो, त्या माणसाचे सगळे आयुष्य पुढे तिच्यावरच उभे राहते. सरकारी नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे एका दिवसाने एका महिन्याचा पगार इकडचा तिकडे होतो. विम्याच्या कागदावर एक तारीख आणि आधारवर दुसरी असेल, तर दाव्याच्या वेळी हेलपाटे कोणाला पडणार? आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना. हे सगळे मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले, पण नोंदीची सिव्हिरिटी, म्हणजे चुकीचे गांभीर्य, वाढली.

पहिली दुरुस्ती शुक्रवारी आली. भारतातून आलेल्या वेळेत सर्व्हरवर साडेपाच तास मिळवायचे, असा सरळ उपाय होता. १९५७ बरोबर आले, २००० बरोबर आले, आणि नोंद बंद करायला माझा हात पुढे झालाही होता. मग वाटले की आजोबांचीही तारीख घालून पाहावी. त्यांचीही अशीच शाळेने दिलेली, १ जून १९४३. स्क्रीनवर ३१ मे १९४३ आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारताची घड्याळे काही काळ एक तास पुढे केलेली होती, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेशी फरक साडेसहा तासांचा होता. ब्राउझरला हा इतिहास ठाऊक असतो. त्यामुळे तो साडेसहा तास वजा करतो, आणि दुरुस्ती परत मिळवत होती साडेपाचच. उरलेल्या एका तासाने आजोबा आदल्या दिवसाच्या रात्री अकराला अडकले होते.

१९९९ मध्ये मंगळाभोवती फिरण्यासाठी गेलेले नासाचे एक यान हरवले. एका गटाचे आकडे पौंडाच्या मापात होते आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. दोघांचा हिशेब आपापल्या घरात बरोबर होता. तडा गेला तो सांध्याला. गेल्या दहा दिवसांत मला त्या यानाची फार आठवण झाली. आमचे काम म्हणजे बहुतेक वेळा त्या सांध्यावर बोट ठेवून बसणे आहे.

आज आलेल्या बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, जन्मतारीख ही वर्ष, महिना आणि दिवस एवढीच, वेळेचा स्पर्श न होता, जशीच्या तशी जाते. बाबा, आजोबा, २९ फेब्रुवारीची एक तारीख, सगळे तपासले आणि सव्वासहाला नोंद बंद केली.

घरी येऊन बाबांना फोन केला आणि त्यांची खरी तारीख कोणती ते विचारले. श्रावणातली, नागपंचमीच्या आदल्या दिवसाची, असे आजी सांगायची; बाकी कोणाला माहीत नाही, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, 'पण कागदावरची आता नीट आली ना?' मी हो म्हटले.

बाबांची आणि आजोबांची, दोन्ही तारखा रिग्रेशनच्या, म्हणजे प्रत्येक बदलानंतर पुन्हा करायच्या तपासण्यांच्या, यादीत घातल्या आहेत आणि एक मशीन भारतीय वेळेवर लावून घेतले आहे. रात्री अकराला ते पहिल्यांदा चालेल. तोपर्यंत जागी राहणार आहे.