गु॥ म्हणजे गुरुवार नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोसायटीच्या हळदीकुंकवात विचारलंत, भाचीच्या कॉलेजातल्या कार्यक्रमानंतर विचारलंत, परवा तर भाजीच्या गाडीपाशी पिशव्या हातात धरून विचारलंत. "लॉकडाउनमध्ये घरबसल्या तुम्ही मोडी शिकलात ना? वेळ असा सत्कारणी कसा लावायचा, आम्हालाही सांगा की." दर वेळी मी क्लासची माहिती देते आणि विषय बदलते. त्यावर तुम्ही म्हणता, किती नम्र आहात हो. ती नम्रता नाही. काय आहे ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

२०२०च्या मार्चमध्ये माझ्या दहावीच्या गणिताच्या शिकवण्या बंद पडल्या. घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. माझे वडील, तेव्हा ८४ वर्षांचे. २२ मार्चच्या रविवारी त्यांनीही गॅलरीत उभं राहून ताम्हन वाजवलं. २५ला पाडवा होता, साखरेची गाठी मिळाली नाही म्हणून गुढीपुढे वाटीत साखर ठेवली. गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये येऊन आम्हाला बारा वर्षं झाली होती, पण अण्णांचा जीव गावातच. रोज चारच्या सुमाराला रिक्षानं गंगेवर जायचे, (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), घाटावर त्यांच्या वयाची पाच-सहा माणसं जमायची. ते सगळं एका दिवसात थांबलं. मग ते माझ्याभोवती घुटमळू लागले. मी स्वयंपाकघरात तर तिथे स्टूल घेऊन, मी गॅलरीत तर तिथे.

दुसऱ्या आठवड्यात मी माळा आवरायला काढला आणि वाडा पाडताना आणलेली पत्र्याची पेटी खाली आली. आमचं भांडी बाजारात तांब्यापितळेचं दुकान होतं, आजोबांच्या काळातलं. पेटीत त्या दुकानाचे रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) होते, लाल कापडी पुठ्ठ्याचे, दोऱ्यानं बांधलेले. सगळे मोडीत. मला एक अक्षर कळेना. त्याच दिवसांत फोनवर मोडीच्या वर्गांची जाहिरात आली. मी नाव घातलं.

मोडीनं मला सावरलं, हे मी आजही म्हणेन. बाहेर काय चाललं होतं आठवा. मुंबई-आग्रा रस्त्यावरून माणसं बायकापोरांसह, डोक्यावर बोचकी घेऊन चालत गावाकडे निघाली होती. मालेगावचे आकडे रोज टीव्हीवर दिसत होते. अशा वेळी आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात न उचलता, यात मोठा आधार होता. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, पूर्णविराम नसतो. एक ओळ लागायला मला सुरुवातीला अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात मला भीती वाटायची नाही.

आता तो दिवस.

ऑगस्टमधला रविवार होता, दुपारी साडेचारचा वर्ग. बाहेर पाऊस. जेवणाच्या टेबलावर शके १८५१चा रोजमेळ उघडा, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, माझ्या हातात भिंग. सरांनी सांगितलं होतं, घरात जुना कागद असेल तर एक ओळ वाचून दाखवा. मी आठवडाभर तयारी केली होती. माझी ओळ अशी होती: ३॥ गु॥ मातोश्री. साडेतीन रुपये, गुरुवार, मातोश्री. असल्या नोंदी पानोपानी होत्या आणि त्यांवरून मी मनात एक गोष्टच रचली होती. आजोबा दर गुरुवारी आपल्या विधवा आईच्या हातावर पैसे ठेवत असणार. दत्ताचा वार, आईचा मान. मला तर भरूनच आलं होतं.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले आणि माझी पाळी यायच्या आत, आपण वर्तमानपत्राचा मथळा वाचतो तसं एका दमात वाचलं, "साडेतीन रुपये, गुजारत मातोश्री."

मी वळून पाहिलं. अण्णांना मोडी येते हे मला ठाऊकच नव्हतं. खरं तर ठाऊक असायला हवं होतं. १९३६चा जन्म, चाळीसच्या दशकातली मराठी शाळा. मोडीचे कित्ते त्यांनी गिरवले असणारच. पण मी कधी विचारलंच नव्हतं. पाच महिने मी त्यांच्यासमोर बसून बाराखडी घोटत होते आणि ते बघत होते.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. माझी ओळ माझ्याआधी कुणीतरी वाचली होती, आणि माझ्या मते चुकीची वाचली होती. "अण्णा, गुरुवार आहे तो," मी म्हटलं. ते म्हणाले, "गुरुवार नाही गं ताई, गुजारत." मला ऐकू आलं गुजरात. कानात यंत्र असूनही हल्ली ते शब्दांची उलटापालट करायचे, मला वाटलं तसंच काही. मी हसले. "गुजराती नव्हती हो अण्णा आपली मातोश्री." फोनवरच्या चौकटींत दोघंतिघं हसली. माझा माइक चालू होता.

अण्णांनी वहीवर बोट ठेवलं. "हे बघ, जमेकडे आहे ते. आजी ना, सकाळी..."

"अण्णा, प्लीज. सर थांबलेत. मला शिकू द्या ना."

ते सरळ झाले. म्हणाले, "बरं." आत जाऊन पलंगावर बसले. मी ओळ वाचली, गुरुवारसकट. त्या घाईत सरांना कागद नीट दाखवलाच नाही, नुसतं वाचलं. त्यामुळे चूक त्यांची नाही, पूर्णपणे माझी आहे. सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळी अण्णांना चहा दिला, त्यांनी घेतला, पावसाबद्दल काहीतरी बोलले. त्यानंतर मी मोडीला बसले की ते टेबलापाशी आले नाहीत. आठ महिन्यांत एकदाही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, घरोघरी होतं. मीही स्वतःला तेच सांगत होते. आणि मला कुणी निष्काळजी मुलगी समजू नये. त्या तेरा महिन्यांत अण्णांची एक गोळी चुकली नाही. भाज्या सोड्याच्या पाण्यात, दूध पिशवीसकट धुऊन, दारावर आलेल्याशी मीच बोलायचे. तेच तेच किस्से दिवसातून चार वेळा ऐकणं काय असतं ते ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना विचारा. दिवसाचे दोन तास मला माझे हवे होते. ते मागण्यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही. पण मागितलेल्या तासांत मी करत काय होते, तर अण्णांच्या आजीला शोधत होते. आणि तिला डोळ्यांनी पाहिलेला माणूस आतल्या खोलीत भिंतीकडे बघत बसला होता.

दिवाळीत मी 'गुरुवारचे पैसे' नावाचा लेख लिहिला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात एक वाक्य होतं, 'घरात कोंडलेल्या वेळानं मला माझ्या माणसांपर्यंत पोचवलं.' ते लिहिणाऱ्या बाईला आज समोर बसवून विचारावंसं वाटतं, की कुठल्या माणसांपर्यंत? ती म्हणेल, मला काय माहीत होतं? तर ऐक, तुला माहीत होतं. जंत्री काढून तू त्या तिथींचे वार तपासले होतेस. पहिल्या सात नोंदींत गुरुवार एकच निघाला. बाकी सोमवार, बुधवार, शनिवार. तू ठरवलंस की आजोबा नोंदी मागाहून लिहीत असतील. आणि रोजमेळात डावीकडे जमा असते हे गणित शिकवणाऱ्या बाईला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. तुला तुझी गोष्ट आवडली होती.

तो लेख भावानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "छान लिहिलंयस." त्यांनी मला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं नाही.

२०२१च्या मार्चअखेर शहरातल्या काही बाजारपेठांत शिरायला माणशी पाच रुपयांची पावती आणि तासाभराची मुदत ठेवली होती, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "बाजारात जायला पैसे, हे आजीनं ऐकलं असतं तर..." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, माझा कुकर लावायचा होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. बेड मिळेपर्यंतची ती रात्र नाशकातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, मी ती पुन्हा सांगत नाही. गडबडीत कानाचं यंत्र घरीच राहिलं. वॉर्डातून एकदा फोन लावून दिला. मी ओरडत होते, ते म्हणत होते, "मोठ्यानं बोल." मग आपणच म्हणाले, "टाकीची मोटर बंद केलीस का?" पाचव्या दिवशी गेले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण गेले. त्या दिवसांत आपलं दुःख वेगळं काढून कुणापुढे ठेवायचं?

वर्गाची पुढची पातळी ऑगस्टमध्ये सुरू झाली. पहिल्याच दिवशी सरांनी संक्षेपांचा तक्ता दाखवला. गावांच्या नावापुढे आपण अजून खु॥ आणि बु॥ लिहितो ना, खुर्द आणि बुद्रुक, तसे मोडीत शेकडो. मु॥ म्हणजे मुक्काम. रा॥ म्हणजे राजश्री. मौ॥ म्हणजे मौजे. आणि त्याखाली, गु॥ म्हणजे गुजारत. अमक्याच्या मारफत, अमक्याच्या हस्ते.

मी फोन बंद केला.

३॥ गु॥ मातोश्री. साडेतीन रुपये जमा, मातोश्रींच्या हस्ते. दुकानात पैसे ती आणत होती. शके १८५१च्या त्या एका वहीत अशा ४१ नोंदी आहेत, सगळ्या जमेकडे. त्या शकाचा फाल्गुन म्हणजे १९३०चा मार्च, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो महिना. नदीच्या पलीकडे एवढं घडत होतं आणि वहीत त्याचा एक शब्द नाही. तांबे, घागरी, कल्हई, आणि दोन-तीन दिवसांआड मातोश्री. शहर असं तापलेलं असताना एक विधवा बाई कुठून पैसे घेऊन येत होती? उधारीच्या उगराणीला घरोघरी जात होती का? मोड गोळा करून विकत होती? की स्वतःच व्याजानं पैसे देत होती? वहीत ते नाही. वहीत फक्त हात कुणाचा ते आहे. बाकीचं "आजी ना, सकाळी..." या वाक्यात होतं.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. दोन अंगठे आले. एक चुलतबहीण म्हणाली, "जाऊ दे गं, आधीचंच छान होतं." मागच्या मातृदिनाला तो जुना लेख कुणीतरी मलाच पाठवला, माझ्या नावाशिवाय.

म्हणून वेळ सत्कारणी कसा लावायचा हे मला विचारू नका. मोडी शिकू नका असं मी म्हणत नाही. शिकले नसते तर ४१ नोंदी कायम आंधळ्या राहिल्या असत्या, आणि कदाचित त्या वर्षात माझं डोकं ठिकाणावर राहिलं नसतं. पण 'सत्कारणी' हा शब्द ऐकला की मला माइक चालू असलेली ती दुपार आठवते. दोन्ही खरं आहे. त्याचा मेळ मला घालता आलेला नाही, आणि तो घातलाच पाहिजे असं सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो.

गेल्या महिन्यात संगमनेरला आत्याकडे गेले होते. अण्णांची धाकटी बहीण, ऐंशी पार केलेली. या वेळी वही नेली नाही, फोन पर्समध्ये ठेवला आणि नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं विचारलं, तुमची आजी आठवते का? आत्या म्हणाली, कमरेला एक काळी पिशवी असायची तिच्या. रोज सकाळी निघायची. आम्हा पोरांना पिशवीला हात लावू द्यायची नाही.

"कुठे जायची, आत्या?"

"मी लहान होते गं," आत्या म्हणाली. "अण्णाला विचार. तो जायचा तिच्याबरोबर."