चिऊताई, दार लगेच उघडू नकोस

तीच गोष्ट शंभराव्यांदा सांगायची वेळ आली की सांगणाऱ्याची जीभ आपोआप आडवाटेला लागते आणि लांडगा एकदम शाकाहारी होतो. झोपवताना सांगायच्या नव्या गोष्टी बहुधा अशाच जन्माला येतात. त्यात प्रतिभेपेक्षा जांभईचा वाटा मोठा.

यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. जिला आपण ‘मूळ गोष्ट’ म्हणून जपतो, तीही कुणीतरी बदललेलीच असते. लाल टोपीवालीची गोष्ट शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली छापली, तेव्हा लांडग्याने तिला गिळलं आणि विषय संपला. पोट फाडून आजी आणि नात दोघींना बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. तीन अस्वलांच्या घरात शिरणारी सोनेरी केसांची पोर १८३७ साली छापलेल्या गोष्टीत चक्क एक म्हातारी होती. आणि बेडकाचा मुका घेतला की राजपुत्र होतो असं सगळे म्हणतात, पण ग्रिमांची राजकन्या वैतागून त्याला भिंतीवर आपटते. एवढ्या मोठमोठ्यांनी एवढे हात मारल्यावर रात्री साडेनऊला आपण एखादा खिळा इकडचा तिकडे केला, तर कुणाचं काय बिघडतं?

खिळा मात्र एकच. टोपी हिरवी केली तर लांडगा लांडगाच राहू द्यावा. टोपी हिरवी, लांडगा शाकाहारी, आजी जिम्नॅस्ट असं एकदम केलं की गंमत उडून जाते, कारण चूक पकडायला आधी सरळ बाजू दिसावी लागते. म्हणून सरळ गोष्ट आधी पुरती मुरलेली हवी. ती मुरली का, हे बघायची सोपी युक्ती आहे. ‘चल रे भोपळ्या…’ म्हणून थांबायचं. पलीकडून ‘टुणुक टुणुक’ आलं तर खुशाल मोडतोड करावी. नाही आलं, तर अजून आठवडाभर म्हातारी सरळच लेकीकडे जाऊ दे.

पहिल्या मोडतोडीला ‘असं नसतंच मुळी!’ अशी आरोळी येते. तिच्यासाठीच तर हा खटाटोप असतो. सांगणाऱ्याने चेहरा गंभीर ठेवून ‘नसतं? मग कशी होती टोपी?’ एवढंच विचारायचं. पण आरोळीत रडण्याचा सूर लागला, तर त्या रात्रीपुरता खेळ मिटवावा. ‘चुकलं माझं, लालच होती.’ दमलेल्या पोराला कधी कधी जगातली एक तरी गोष्ट जागच्या जागी हवी असते, आणि त्या दिवशी ती नेमकी टोपी असते.

दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या, तर दोन्हीत आधीपासून असलेली एखादी वस्तू शोधावी. सिंड्रेलाची बग्गी भोपळ्याची, म्हातारीचं वाहनही भोपळाच. मग ठोक्याला बारा वाजले, बग्गीचा भोपळा झाला, पण सिंड्रेला आतच अडकली. एक बूट पायात, दुसरा राजवाड्याच्या पायरीवर. वाटेत वाघ. ‘थांब, मी तुला खातो.’ ती म्हणते, ‘घरी जाईन, भांडी घाशीन, चूल सारवीन, मग मला खा.’ एवढी कामं ऐकून वाघच हबकतो. सांधा भोपळ्याचा असल्यामुळे खटकत नाही. त्याऐवजी वाघासमोर अचानक उडती तबकडी उतरवली, तर पोरगं विचारणार ती कुठून आली, आणि आपण उत्तर शोधत अकरा वाजवणार.

या भोपळ्याचा एक धोका आहे. ‘टुणुक’ हा शब्द पडल्या पडल्या म्हणता येत नाही. गादीवर उड्या सुरू होतात आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते. असला ऐवज दुपारसाठी ठेवावा. अगदीच मागणी झाली, तर गोष्टीच्या पहिल्या अर्ध्यात उरकावा.

झोपेच्या गोष्टीची खरी अडचण इथेच आहे. हसवलं की पोर जागं होतं, नाही हसवलं तर कंटाळून चुळबुळ करतं. दहा मिनिटांची गोष्ट असेल, तर हसण्याचा कळस पाचव्या मिनिटाच्या आत येऊन जावा. शेवटच्या तीन-चार मिनिटांत नवं पात्र नको, पाठलाग नको, आणि ‘मग काय झालं असेल, सांग बरं?’ हा प्रश्न तर मुळीच नको. मिटत आलेले डोळे त्या प्रश्नाने टक्क उघडतात. वाक्यं लांबवावीत, आवाज हळूहळू उतरवावा, दोन वाक्यांत एक श्वास जाऊ द्यावा. ‘ससा झोपला, कासव झोपलं, झाड झोपलं’ हा डाव मात्र उघडा पडतो. चार वर्षांचं पोरही उठून बसतं आणि सांगतं, मी नाही झोपलो.

त्यापेक्षा एखादं रटाळ, सावकाश, परत परत करायचं काम गोष्टीच्या शेवटाला लावावं. आपली चिऊ-काऊची गोष्ट यासाठी सोन्यासारखी आहे. पाऊस येतो, काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घराशी येतो. इथे चिऊला दयाळू करून पहिल्याच टकटकीला दार उघडायला लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण तसं केलं की गोष्ट पाऊण मिनिटात संपते, कारण ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ ही थांबाथांब म्हणजेच गोष्ट. दार उघडायचंच असेल, तर थांबायला लावणारं दुसरं कुणीतरी हवं. मग तो कावळाच का नसावा?

‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ दार उघडतं. ‘ये रे काऊदादा.’ ‘थांब, पंख झटकतो.’ आता पंख झटकायला वेळ घ्यायचा. आधी डावा, मग उजवा, मग डाव्यातलं एक पीस वाकडं झालंय ते सरळ. ‘ये रे आत.’ ‘थांब, चोच पुसतो.’ चोच वरून, चोच खालून. ‘ये ना रे.’ ‘थांब, पाय पुसतो.’ पायाला बोटं चार, तीन पुढे आणि एक मागे. एकेक बोट निराळं पुसायचं, घाई करायची नाही. दोन पाय म्हणजे आठ बोटं, आणि सहसा पाचव्या बोटाच्या पुढे कुणी विचारत नाही.

एक खबरदारी राहिली. केलेला बदल आपल्या लक्षात राहील एवढाच असावा. उद्या रात्री हीच गोष्ट हवी असते, पंख आधी आणि चोच मग, याच क्रमाने. आणि तपासनीस कडक असतो. तिसऱ्या बोटापाशी सांगणाऱ्याचाच डोळा लागला, तर पेंगेत भलतंच बोललं जातं. ‘मग कावळा म्हणाला, उद्या विजेचं बिल भरायचंय.’ अंधारातून कोपर येतं. ‘बिल नाही. बोट. चौथं.’