रॅचेट पान्यांचा सेट घेताना दाते नंतर मोजा, आधी डोकं बघा

गोटी (सॉकेट) उंचीमुळे बसत नाही आणि साध्या रिंग पान्याला फिरायला जागा नाही, अशा ठिकाणी रॅचेट पाना लागतो, म्हणजे एका दिशेला बोल्ट फिरवणारा आणि मागे नेताना खटके वाजवत नुसताच सरकणारा रिंग पाना. स्टार्टर मोटरचा वरचा बोल्ट, अल्टरनेटरच्या मागचा बोल्ट, बॅटरीच्या क्लॅम्पचा लांब आट्यांचा स्टड. या शेवटच्या कामात साधी गोटी चालतच नाही, कारण स्टडचं टोक तिच्या तळाला टेकतं. रॅचेटची रिंग आरपार मोकळी असते, त्यामुळे स्टड वर निघून जातो आणि नट हवा तेवढा खाली उतरतो.

दुकानदार सगळ्यात आधी दाते सांगतो. ७२ दाते म्हणजे दर ५ अंशांना एक खटका, ९० म्हणजे ४ अंश, १२० म्हणजे ३ अंश. साधा बारा कोनी रिंग पाना मात्र ३० अंश फिरल्याशिवाय पुढच्या कोनावर बसत नाही. पान्याची लांबी १६ सेंमी धरली, तर साध्या रिंगला दांड्याच्या टोकाशी ८ सेंमीच्या वर जागा हवी, ७२ दात्यांना जेमतेम दीड सेंमी. खरा फायदा इथेच झाला. ७२ वरून १२० वर गेल्यावर आणखी ५-६ मिमी वाचतात, पण झिजलेल्या बोल्टवर रिंग मुळातच थोडी ढिली बसते आणि त्या ढिलाईत ती बचत बरीचशी जाते. शिवाय दाते बारीक झाले की त्यांची खोलीही कमी होते. दात्यांत अडकणारी आतली खिटी, म्हणजे पॉल, अचूक बनवलेली नसेल तर जोर लावताच सुटते आणि हात इंजिनवर आपटतो. स्वस्त सेटमध्ये ७२ दातेच घ्यावेत.

माझ्या मते निर्णय व्हायला हवा तो उलट-सुलट कळीवर, म्हणजे फिरवायची दिशा बदलणाऱ्या डोक्यावरच्या छोट्या खटक्यावर. बिनकळीचा पाना पालथा करून दिशा बदलतो. त्याचं डोकं सपाट आणि पातळ असतं, म्हणून तो अरुंद जागेत छान शिरतो. पण त्यात एक सापळा आहे. बोल्ट सैल करताना तो बाहेर येत जातो आणि रिंगला सोबत घेऊन येतो. समोर चॅसी किंवा रेडिएटर असेल तर रिंग मध्येच अडकते. ती बोल्टवरून निघत नाही आणि उलटी फिरवायची तर कळ नाही. मग समोरचा भाग उघडण्यावाचून इलाज राहत नाही. कळ असली की दिशा बदलून बोल्ट थोडा आत घ्यायचा आणि रिंग काढायची. म्हणून गाडीच्या कामाला कळीचाच सेट घ्या. त्याच्या रिंगला बहुधा १५ अंशांचा बाकही असतो, दांडा वर राहतो आणि बोटं सोलत नाहीत. बिनकळीचा वापरायचाच असेल, तर बोल्ट पूर्ण निघाल्यावर पान्याला बाहेर यायला जागा उरेल का, हे आधी बघून घ्या.

दुकानात एक चाचणी जरूर करा. खिशात एम ६ चा, म्हणजे ६ मिमी जाडीचा नट-बोल्ट न्या, त्याचं डोकं १० नंबरचं (१० मिमी पान्याचं) असतं. नट हाताने दोन आटे चढवा, बोल्ट धरा आणि नटावर रॅचेट मागे-पुढे करा. मागे नेताना नटही मागे येत असेल, तर त्या पान्याचा मागचा ओढा जास्त आहे. असा पाना ढिल्या नटावर काहीच काम करत नाही, कारण पुढे चढवलेलं मागे येताना उतरतं. चांगल्या पान्याचा खटका हलका आणि एकसारखा वाजतो. रिंगच्या बाहेरचा व्यासही साध्या रिंगशी ताडून बघा. साध्या रिंगपेक्षा रॅचेटचं डोकं जाडच असतं, पण दोन कंपन्यांत बराच फरक निघतो.

पूर्ण सेट बहुधा ८ ते १९, बारा नगांचा येतो. सगळे लागत नाहीत. एम ८ बोल्टचं डोकं जपानी पद्धतीत १२, युरोपीय पद्धतीत १३. एम १० ला जपानी १४, युरोपीय १६, जुन्या जर्मन पद्धतीत १७. त्यामुळे हिरो, होंडा, मारुतीवाल्यांना ८, १०, १२, १४, १७ पुरतात. फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांनी १०, १३, १६, १८ बघावेत. सुटे चार-पाच चांगले नग घ्या आणि उरलेल्या पैशांत साध्या रिंग पान्यांचा सेट घ्या, नाशिकच्या टपारियाचा असला तरी उत्तम. आरपार बोल्टला पलीकडून धरायला तो लागतोच.

आणि गंजलेला, घट्ट बसलेला बोल्ट पहिल्यांदा सैल करायचा तोही साध्या रिंगनेच, जमल्यास सहा कोनी. पहिला झटका रॅचेटला देऊ नका, दांड्यावर पाइप चढवू नका, हातोडी मारू नका. दाते एकदा चुरले की पाना भंगारात जातो. घट्ट करताना उलटी काळजी घ्या. ८.८ ग्रेडच्या (डोक्यावर कोरलेला मजबुतीचा आकडा) कोरड्या एम ६ बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे १६ सेंमी दांड्याच्या टोकाशी साधारण साडेसहा किलोचा जोर. इंजिन कव्हरच्या ॲल्युमिनियममध्ये आटे जातात ते याच्या पुढे ओढल्यामुळे. तिथे मॅन्युअलमधला आकडाच पाळा, तो बऱ्याचदा याहूनही कमी असतो.

आतमध्ये ग्रीस भरू नका. घट्ट ग्रीसमध्ये पॉल चिकटतो, वेळेवर दात्यात पडत नाही आणि पाना घसरतो. चिखल-माती गेली असेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये डोकं बुडवून खटके वाजवा, निथळू द्या आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा. कोकणात पावसाळ्यात हे दर महिन्याला करावं लागतं. क्रोम बाहेर चकचकीत दिसत असतं, पण गंज आत पॉलच्या स्प्रिंगला लागलेला असतो.