सात बिलांची तारीख

एमबीएचं पहिलं वर्ष संपल्यावर दोन महिन्यांची इंटर्नशिप मी एका उत्पादन कंपनीच्या अकाउंट्स विभागात केली. त्यातला एकच दिवस मला तासातासाने आठवतो. तिमाहीचा शेवटचा दिवस.

सकाळी मॅडमनी सात बिलं माझ्या टेबलावर ठेवली. मॅडम म्हणजे विभागातल्या सीनियर अकाउंटंट. व्हाउचर कसं वाचायचं इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं. "यांची डिस्पॅचची तारीख सिस्टिममध्ये टाकायची राहिलीय. आजची टाक. संध्याकाळी कट-ऑफ आहे, मग तिमाहीच्या नोंदी बंद." मी बसले आणि टाकत सुटले. बिल नंबर, चलन नंबर, तारीख, सेव्ह. चौथ्या बिलाला गेटपास नंबर लिहायला गेले तर तो कागदांत नव्हता. मागची तीन पुन्हा उघडली. त्यांनाही नव्हता. ती जागा रिकामी सोडून मी पुढे गेले होते.

वाटलं, कागद गेटवर राहिले असतील. म्हणून खाली गेले. जावक रजिस्टरमध्ये त्या सातपैकी एकाही चलनाची नोंद नव्हती. गोदामातल्या काकांना चलनं दाखवली. ते म्हणाले, "हा माल? हा काय समोर. पॅकिंग व्हायला परवा उजाडेल, मग गाडी लागेल." समोर खोकी रचलेली होती, निम्मी उघडी, कुणाच्याही नावाचं लेबल नसलेली.

डिस्पॅचची, म्हणजे माल बाहेर पडल्याची, तारीख टाकली की विक्री त्या तिमाहीत धरली जायची. माल गोदामात असताना विक्री दाखवताच येत नाही असं नाही. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याला वाट आहे, 'बिल अँड होल्ड' म्हणतात त्याला. पण अटी कडक आहेत. माल थांबवण्यामागे खरं कारण हवं, म्हणजे उदाहरणार्थ ग्राहकानेच तसं सांगितलेलं असावं. तो माल त्या ग्राहकाचा म्हणून वेगळा ओळखता यायला हवा, उचलून द्यायला तयार हवा, आणि विकणाऱ्याला तो दुसरीकडे वळवता येता कामा नये. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या उघड्या खोक्यांसमोर उभी राहून एकेक अट आठवत गेले. एकही बसत नव्हती. यातल्या कुठल्याही खोक्यावर उद्या दुसऱ्याचं नाव चिकटवता आलं असतं.

मला जास्त हलवून गेली ती मात्र दुसरीच गोष्ट. एथिक्सच्या तासाला प्रसंग समोर येतो तेव्हा त्याच्या कपाळावरच 'हा पेच आहे' असं लिहिलेलं असतं. इथे तसं काहीच नव्हतं. आवडत्या माणसाने नेहमीच्या आवाजात सांगितलेलं काम होतं, आणि मला काही कळायच्या आत माझ्या हाताने तीन नोंदी करून टाकल्या होत्या.

हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीची केस आम्हाला अभ्यासाला होती. तिच्यात सगळे बोलतात ते वरच्या साहेबांबद्दल, मला मात्र बेटी विन्सन आठवत राहते. मधल्या फळीतली अकाउंटंट. ऑक्टोबर २००० मध्ये वरिष्ठांनी तिला ८२ कोटी ८० लाख डॉलरचा खर्च कमी दिसेल अशा नोंदी करायला सांगितलं. ती हादरली, राजीनाम्याचं पत्रही लिहिलं, पण दिलं नाही. हे एकदाच, अशी समजूत घातली गेली होती. पुढची तिमाही आली, पुन्हा नोंदी. जुलै २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २००५ मध्ये बेटीला पाच महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. 'तिने पहिल्याच दिवशी नकार द्यायला हवा होता' असं उत्तर मी पेपरात लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. किती सहज लिहिलं होतं मी ते.

वर येऊन मॅडमना सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सरांशी बोल."

सर, म्हणजे मॅडमचे वरिष्ठ, चिडले नाहीत. "ऑर्डर पक्की आहे, पैसे बुडणार नाहीत. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आज आकडा गाठला नाही तर सेल्सच्या पोरांचा इन्सेंटिव्ह जाईल. कष्ट त्यांनी केलेत ना?"

केले होते. सेल्सची ती दोन मुलं माझ्या शेजारीच बसायची आणि महिनाभर मी त्यांची धावपळ बघत होते. सरांच्या या प्रश्नावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण दोन दिवसांची विक्री आज ओढून घेतली की पुढची तिमाही तेवढ्याच खड्ड्यातून सुरू होते, आणि तो बुजवायला तेव्हा पुन्हा कुणाला तरी तारीख टाकायला सांगावं लागतं. हे डोक्यात होतं, तोंडातून निघालं भलतंच.

"सर, हे मेलवर पाठवाल का? माल गोदामात असला तरी आजची तारीख टाकायची, एवढंच लिहा."

सरांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "फाइल मॅडमकडे देऊन टाक," म्हणाले.

त्या वाक्याबद्दल मैत्रिणींनी नंतर माझं कौतुक केलं. मला ते कौतुक घेववत नाही. मेल आला असता तर मी बचावले असते, हिशेब नसता बचावला. आणि तो खरंच आला असता तर मी तारीख टाकली असती का? नसती, असं छातीठोकपणे मला सांगता येत नाही.

जागेवर येऊन मी सकाळच्या तीन तारखा काढल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'गेट नोंद नाही, माल गोदामात.' फाइल मॅडमकडे दिली. त्यांनी ती उघडलीही नाही.

साडेसहाला त्या माझ्याजवळ आल्या. "चल, ते रजिस्टर दाखव मला." आम्ही गेटवर गेलो. मॅडमनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत ते पान वरून खालपर्यंत वाचलं, मग आधीचं पान. परत येऊन त्या फाइल घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेल्या. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर आल्या, पर्स उचलली आणि "उद्या वेळेवर ये" एवढंच म्हणून निघून गेल्या. आत काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही.

सातही बिलं पुढच्या तिमाहीत गेली. सेल्सच्या त्या दोघांचा इन्सेंटिव्ह त्या खेपेला खरंच हुकला. का हुकला हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं, आणि पुढचा आठवडाभर मला त्यांच्याशी धड बोलता आलं नाही.